मोहाचे गोळे आणि न लागणारा परवाना

दिनांक २२ एप्रिल २०२५, मंगळवार, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटे: ओसरीवरच्या परातीत गोळे चोवीस. बारा वाजता परात तीच, गोळा एक.

गोळे माझ्या सुनेने, हर्षाने, वळले होते. बिया काढलेला खजूर, फुटाणेवाल्याकडून भाजून आणलेले शेंगदाणे आणि तीळ एकत्र कुटायचे. गॅस पेटवायचा नाही, साखर घालायची नाही. हाताने वळायचे आणि ठेवायचे, अशी ती साधी कृती. चूलच पेटवायची नाही असे पदार्थ ज्या प्रदेशात शोधले गेले, तेथे एप्रिल महिना नसावा असे माझे नम्र मत आहे. भंडारा जिल्ह्यात आपण भाजणे टाळले म्हणून पदार्थ भाजल्यावाचून राहतो असे नाही. खजुराने उष्णता ग्रहण केली, गोळ्यांनी आपापले आकार सोडले आणि चोवीस स्वतंत्र घटकांचे शांततेत विलीनीकरण झाले.

हर्षा परातीकडे पाहत उभी राहिली. ती बोलत नाही तेव्हा आमच्या घरात भांडीसुद्धा आवाज न करता ठेवली जातात.

कारण तसेच होते. पवनीला जीवन सरांचे उन्हाळी कबड्डी शिबिर एक मेपासून सुरू होणार होते. मुलांना बिस्किटांऐवजी काहीतरी पौष्टिक, आणि शक्यतो आपल्या भागातले, द्यावे असे सरांच्या मनात होते. शनिवारी सकाळी आठ वाजता मैदानावर पालकांची सभा. तेथे हर्षाच्या महिला बचत गटाने नमुना ठेवायचा. पालकांनी हात वर केले तर शिबिर संपेपर्यंत रोजचा खाऊ गटाचा. गटाने यापूर्वी पापड केले होते, ते गावाने नातेवाईकांच्या हक्काने फुकट खाल्ले. मागच्या बैठकीत दहाही बायकांनी ठरवले होते की आता हे शेवटचे. हर्षाने जेवताना एकाच वाक्यात मला सांगितले होते, "मामाजी, हे काम नाई भेटलं तं गट बंद. मंग मी पुन्हा कोनाच्या दारात जाऊन 'चला बाई, काहीतरी करू' म्हननार नाई."

मी यंत्र अभियांत्रिकीचा पदविकाधारक आहे. तुमसरच्या तांदूळ गिरण्यांची यंत्रे चालती ठेवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. सेवानिवृत्तीनंतर आसगावला परतल्यावर गावच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्षपदही ग्रामस्थांनी माझ्याकडे सोपवले. हे सांगण्यामागे आत्मस्तुतीचा हेतू नाही. पुढील घटनांचे आकलन व्हावे इतकाच आहे.

"मी लहान लहान वळते अन् वरून जवसाचा कूट लावते," हर्षा अखेर म्हणाली. "मंग नाई चिकटनार."

"हा उपाय झाला," मी म्हणालो. "पद्धत नव्हे."

माझी पत्नी बेबीबाई आतून म्हणाली, "झालं. आता पद्धत आली घरात."

मी तिकडे दुर्लक्ष केले. दोष खजुरात होता. खजूर बाहेरून येतो. त्याला आमच्या उन्हाची सवय नाही. उलट मोहफूल याच उन्हात झाडावरून गळते, याच उन्हात अंगणात वाळते आणि मनुकेसारखे गोड राहते. अर्धा खजूर काढून त्या जागी वाळलेले मोहफूल घालावे, असा प्रस्ताव मी मांडला. तो हर्षाला आवडला. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण नंतर तो आवडला होता असे मान्य करायला घरात कोणी तयार नव्हते.

संध्याकाळपर्यंत गटातल्या बायकांनी आपापल्या घरची मोहफुले टोपल्यांनी आणून ओतली. ओसरीवर बारा किलोंचा ढीग झाला.

"नमुन्याले दोन मुठी पुरतेत, मामाजी," हर्षा म्हणाली.

"नमुना एका मालाचा आणि पुरवठा दुसऱ्या मालाचा, हे व्यवहारात बसत नाही. सर्व माल एकाच वेळी, एकाच प्रमाणात मऊ झाला पाहिजे."

वाळलेले फूल कुटण्यापूर्वी मऊ करावे लागते, इतके सर्वांना ठाऊक असणार असे मी धरून चाललो. एकसमान मऊ करावे लागते, हे फक्त मला ठाऊक होते. बुधवारी पहाटे मी निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये मोहफुले आणि मोजलेले पाणी घातले, झाकण लावले आणि तारेने आवळले. गिरणीत दुरुस्ती चालू असलेल्या यंत्राच्या कळीला आम्ही कुलूप घालत असू व वर पाटी लावत असू, म्हणजे कोणी अजाणता कळ दाबून दुसऱ्याचा हात घालवणार नाही. त्याच शिस्तीने मी ड्रमवर पुठ्ठा बांधला: 'काम चालू आहे. कृ. लांजेवार यांच्या परवानगीशिवाय उघडू नये.' आठ तासांनी उघडायचे असे नियोजन होते. नियोजनात कोणतीही त्रुटी नव्हती. त्रुटी शेजारी राहत होती.

शेजारी श्यामराव राहतात. त्यांचा धानाचा व्यापार आहे आणि कायद्याचे त्यांचे ज्ञान अनुभवसिद्ध आहे. म्हणजे प्रत्येक कलमात ते एकदा तरी सापडलेले आहेत. दात घासत ते कुंपणाशी आले.

"का गा किस्नाभाऊ, ड्रमात का हाय?"

"मोहफुले. भिजत घातली आहेत."

श्यामरावांनी घासणे थांबवले. "मोहफुलं? अन् भिजत? तुमी?"

"लहान मुलांच्या खाऊसाठी."

"खाऊ का असन तो असन. परवाना काढला का?"

"त्याला परवाना लागतो?"

"पयले लागे. आता लागत नाई म्हनतेत. पन लागत नाई, हे कागदावर हाय का तुमच्यापाशी? उद्या कोनी आलं दारात तं का दाखवान? दात?"

"अवो, कायले डोक्शात भरवता त्यायच्या?" त्यांच्या पत्नी शकुनबाई, ज्या गटाच्या सभासदही आहेत, आतून ओरडल्या. "लोकं मोहफुलं घरात ठेवूनच रायले न!"

"लोकं येगळे, अध्यक्ष येगळे," श्यामराव म्हणाले आणि चूळ भरायला निघून गेले.

हे शेवटचे वाक्य माझ्या मनात रुतले. व्यसनमुक्ती समितीच्या अध्यक्षाच्या ओसरीवर कागदाविना बारा किलो मोहफुले! मी कपडे केले आणि भंडाऱ्याची पहिली बस पकडली.

संबंधित कार्यालयाचे नाव मी देत नाही. तेथे कोणाची चूक झाली नाही, हीच या प्रकरणातली खरी अडचण आहे. टेबलामागे बाबुलाल नावाचे कारकून होते. त्यांनी माझे सर्व म्हणणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "काका, नाई लागत परवाना. जा घरी."

"तसे लेखी द्या."

"कसं लेखी?"

"की परवाना लागत नाही."

"काका, जे लागतच नाई त्याचा कागद मी कोन्त्या फाईलीतून देऊ?"

"तोंडी आश्वासनावर मी बारा किलो माल ठेवू शकत नाही."

बाबुलाल यांनी पंख्याकडे पाहिले. पंखा बंद होता. माझ्यामागे रांग वाढत होती. शेवटी ते म्हणाले, "असं करा, अर्ज टाका. साहेब पाहातीन."

मी अर्ज लिहिला. अर्ज लिहिणे ही माझी आवड आहे. 'मी खाली सही करणार, माझ्या राहत्या घरी अंदाजे बारा किलो मोहफुले बाळगून असून, ती पाण्यात टाकून त्यांवरील प्रक्रिया आजच सुरू केली आहे. तरी सदर कामास परवान्याची आवश्यकता नसल्याबाबत लेखी कळवावे, ही विनंती.' खाऊचा उल्लेख मी केला नाही. अर्जात अनावश्यक मजकूर असू नये, असे आम्हाला शिकवले होते.

साहेब दौऱ्यावर होते. दुसऱ्या दिवशी या, असे सांगण्यात आले. घरी पोचेपर्यंत आठ तास उलटून दुप्पट होत आले होते. परंतु उत्तर येण्यापूर्वी माल हाताळणे म्हणजे अर्जाचा अवमान ठरला असता. गुरुवारी मी पुन्हा गेलो. बाबुलाल या वेळी उभे राहिले.

"काका, तुमचं काम झालं. साहेबानं शेरा मारला."

शेरा होता: 'तातडीने स्थळपाहणी करावी.'

मला समाधान वाटले. एका दिवसात हललेली फाईल मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. परत येताना बसमध्ये मी शेजारच्या प्रवाशालाही हे सांगितले. तो पुढच्या थांब्यावर दुसऱ्या आसनावर जाऊन बसला.

घरी ओसरीवर बेबीबाई पदर नाकाला लावून उभी होती.

"अवो प्रविणचे बाबा, ड्रम गुरगुर करून रायला."

"ड्रम गुरगुरत नसतात."

"मंग या न जवळ, आयका."

मी ऐकले. आतून एक सलग, गंभीर, समाधानी असा ध्वनी येत होता. झाकण मध्यभागी फुगले होते. वासाबद्दल मी येथे विस्ताराने लिहीत नाही.

"मामाजी, उघडा ना वो," हर्षा म्हणाली. तिचा आवाज खाली गेला होता. "परवा सकाळी आठले पोचाचं हाय. अजून कुटाचं हाय, वळाचं हाय."

"उद्या सकाळी अधिकारी पाहणीला येत आहेत. पाहणीपूर्वी स्थळाच्या स्थितीत बदल करणे योग्य नाही."

"अधिकारी? कायचे अधिकारी?"

मी सांगितले. हर्षा तेथेच पायरीवर बसली. बेबीबाई म्हणाली, "माय वो! ह्या मानसानं सोताच्याच घरावर धाड बलावली."

हा शब्द अतिशयोक्त होता आणि मी तसे तिला सांगितले. वेळ वाया जाऊ नये म्हणून त्याच संध्याकाळी मी पुढच्या टप्प्याची तयारी केली. भिजलेल्या फुलांना वाफ द्यायची होती. त्यासाठी मोठ्या कुकरच्या शिटीच्या जागी जुन्या फ्रिजमधली तांब्याची नळी बसवली, तिला दोन वेटोळी दिली म्हणजे वाफ थोडी निवेल, आणि तिचे दुसरे तोंड एका बंद डब्यात सोडले. जोडकाम इतके नीट झाले की ते मी झाकून न ठेवता ड्रमशेजारीच मांडून ठेवले.

शुक्रवारी साडेदहाला जीप आली. कैलाश नावाचे तरुण निरीक्षक आणि एक हवालदार उतरले. आसगावात जीप कोणाच्या दारात थांबते हे पाहण्यासाठी कोणाला निमंत्रण लागत नाही. माझे आवार भरले. गटाच्या दहाही बायका एका रांगेत, भिंतीला टेकून, उत्तरपत्रिका परत मिळण्याची वाट पाहावी तशा उभ्या राहिल्या.

"कृष्णराव लांजेवार कोन?" निरीक्षकांनी विचारले.

"मी. आपण वेळेवर आलात. या."

निरीक्षक क्षणभर थबकले. त्यांच्या नोकरीत असे स्वागत बहुधा झाले नसावे. त्यांनी हवेत वास घेतला, ड्रमवरचा पुठ्ठा वाचला आणि माझ्याकडे पाहिले.

"काका, हे उघडा."

मी तार सोडवू लागलो. पहिला पीळ सुटला, दुसरा सुटला; तिसरा सुटण्याची झाकणाने वाट पाहिली नाही. ते उडून वळचणीला आपटले आणि हवालदारांच्या पायाशी येऊन फिरत राहिले. पाठोपाठ ड्रममधून तांबूस फेस वर आला, काठावर क्षणभर थांबला आणि मग निवांतपणे ओसरीच्या तीन पायऱ्या उतरून निरीक्षकांच्या बुटांपर्यंत गेला. आवारात कोणी श्वास घेतला नाही. एकाने घेतला, तो दीर्घ होता, आणि "वा!" म्हणाला. तो कोण, हे समितीचा अध्यक्ष या नात्याने मी टिपून ठेवले आहे.

"काका," निरीक्षक अत्यंत शांतपणे म्हणाले, "ह्याले आमच्या भाषेत दारूचा सडवा म्हनतेत."

"ही एकसमान मऊ केलेली मोहफुले आहेत. लहान मुलांसाठी."

"लहान मुलांसाठी," हवालदारांनी पुनरुच्चार केला.

"अन् हे का हाय?" निरीक्षक आता कुकर, नळी, वेटोळी आणि बंद डबा यांच्यासमोर उभे होते.

"हे वाफ देण्याचे साधन आहे."

"हो काका. सगळ्यायचं तेच असते."

मी ते जोडकाम प्रथमच एका त्रयस्थाच्या नजरेने पाहिले. मला स्वतःलाही मी संशयित वाटलो.

"पंचनामा करा लागन," निरीक्षक म्हणाले. "गावातले दोन प्रतिष्ठित मानसं बलावा."

हवालदार घुटमळले. "साहेब, या गावात दारूच्या पंचनाम्याले आपला नेहमीचा पंच एकच हाय."

"मंग बलाव न त्याले."

हवालदारांनी माझ्याकडे बोट दाखवले.

शेवटी पंच म्हणून श्यामराव आणि सोसायटीचे सचिव बसले. श्यामराव घरी जाऊन धुतलेला सदरा घालून आले. पंचनामा मोठ्याने सांगून लिहिला जाऊ लागला: 'सदर इसमाच्या राहत्या घराच्या ओसरीवर निळ्या ड्रममध्ये उग्र वासाचा, फेसाळ मोहसडवा अंदाजे चाळीस लिटर मिळून आला…' नोकरीची सारी वर्षे मी साहेब होतो. त्यानंतर काका झालो. इसम होण्यास पाच मिनिटे लागली.

"सडवा नष्ट करा," निरीक्षक म्हणाले.

ड्रम परसातल्या खड्ड्यात रिकामा झाला. गावातल्या नऊ घरांची मोहफुले डोळ्यांदेखत मातीत गेली. शकुनबाईंनी फक्त हर्षाच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तो हात मला कोणत्याही शिवीपेक्षा जड वाटला. मी म्हणालो, "हर्षा, मी साहेबांना पद्धत समजावून—"

"मामाजी," हर्षा म्हणाली, "आता तुमी बसा."

मी बसलो. तिने पदर खोचला आणि सरळ निरीक्षकांसमोर गेली.

"साहेब, आमाले उद्या सकाळी पवनीले गोळे नेऊन द्याचे हायेत. गटाचं काम हाय. मामाजीनं जे केलं ते केलं. त्यायले पानी कमी-जास्त समजते, मोह समजत नाई. तुमाले वाटते दारू, आमी म्हनतो खाऊ. तुमच्यासमोर करून दाखवतो. झाली दारू, तं घेऊन जा आमाले सगळ्यायले."

"दहाच्या दहा?" हवालदारांनी जीपकडे पाहत विचारले.

निरीक्षक हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिले, माझा अर्ज पुन्हा वाचला, आणि एक खुर्ची मागवली. "करा."

शकुनबाईंची टोपली बुधवारी उशिरा आली होती, म्हणून माझ्या ड्रममधून वाचली होती. ती मोहफुले बायकांनी झटकली, आतले केसर काढले आणि पत्र्यावर उन्हात पसरली. अर्ध्या तासात ती कुरकुरीत वाजू लागली. त्यांना ना पाणी लागले, ना वाफ, ना मी. उखळ आवारात आणले गेले. मोह, शेंगदाणे, तीळ आणि जवसाचा कूट; बांधण्यापुरता खजूर. दहा जणींचे हात फिरू लागले. मुसळाचा आवाज तेवढा येत होता, आणि प्रत्येक घावासरशी मी निरीक्षकांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

पहिला गोळा वळला गेला. हर्षाने तो पळसाच्या पानावर ठेवून पुढे केला. निरीक्षकांनी तो हवालदारांकडे सरकवला.

"तू खा पयले."

"मी काहून साहेब?"

"ड्युटी हाय."

हवालदारांनी खाल्ला. त्यानंतर सबंध आसगाव अर्धा तास त्यांच्याकडे बघत बसले. त्यांना उभे केले गेले. सरळ चालवले गेले. नाव विचारले गेले. "घरच्या पोट्ट्यायचे नावं सांग," निरीक्षक म्हणाले, आणि हवालदार तिसऱ्या नावापाशी अडखळले तेव्हा आवारातून एकच हुंकार उठला.

"तिसऱ्याचं नाव ठेवाचंच हाय, साहेब! परवाच झाला."

मग निरीक्षकांनी एक खाल्ला. मग दुसरा. पंचांनी आपले कर्तव्य म्हणून खाल्ले; श्यामरावांनी ते कर्तव्य तीनदा केले. "पुरे!" हर्षाने परात ओढून घेतली. "उद्याचे हायेत!"

पंचनाम्याला पुढचा परिच्छेद जोडला गेला: 'तशाच फुलांपासून समक्ष तयार केलेले गोळे अधिकारी व पंच यांनी खाऊन पाहिले. कोणताही अमली परिणाम दिसून आला नाही. नळीचा दारू गाळण्यासाठी वापर झाल्याची खूण आढळली नाही. समज देण्यात आली.' मी प्रत मागितली. निरीक्षकांनी ती दिली आणि जीपमध्ये बसताना म्हणाले, "काका, एक विनंती हाय. पुन्हा अर्ज नका करू."

येथे हे प्रकरण संपावयास हरकत नव्हती. परंतु जीप आसगावाहून पवनीला जाण्याआधीच बातमी पवनीला पोचली होती. संध्याकाळी जीवन सरांचा फोन आला. हर्षाने आवाज मोठा केला.

"वहिनी, तुमच्या घरी धाड पडली म्हनतेत. चाळीस लिटर सापडली म्हनतेत. आता मोहाचे लाडू म्हटलं का पालक उठून चालले जातीन. तुमी उद्या येऊ नका, असं मी नाई म्हनत. पन मले का सांगाव त्यायले?"

हर्षाने फोन ठेवला. परातीतले गोळे ओल्या फडक्याने झाकले. एकही दुसऱ्याला चिकटला नव्हता. ती म्हणाली, "जाऊ. हात वर नाई झाले तं परत येऊ."

शनिवारी सकाळी आठ वाजता मैदानावर चिंचेखाली पालक बसले होते. पदार्थाचे नाव निघताच माना हलू लागल्या. एका गृहस्थांनी उभे राहून सांगितले, "आमच्या पोट्ट्यायले मैदानात डोलवाचं हाय का?" मागून कोणी म्हणाले, "कबड्डी सोडा, झिंगाट करतीन!" हशा झाला. हर्षाची मान खाली गेली. गटाच्या बायका परातीभोवती एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या. त्यांच्यापेक्षा परातीतले गोळे अधिक सुटे होते, असे मला वाटून गेले.

खिशात पंचनामा होता. त्यात गोळ्यांची सुटका होती. पण ती शेवटच्या परिच्छेदात. तिच्यापर्यंत पोचायचे तर आधीच्या मजकुरातून जावे लागणार होते. मी पुढे झालो. हर्षाने माझी बाही धरली.

"मामाजी, खालचंच वाचा न. वरचं नका वाचू."

"अर्धा कागद हा कागद नसतो," मी म्हणालो. एवढे एक तत्त्व त्या सकाळी माझ्यापाशी शिल्लक होते.

आणि मी वाचले. पहिल्या ओळीपासून, तारीख, वेळ, ठिकाण यांसह, मिलच्या आवाजावर ऐकू जाण्याची सवय असलेल्या आवाजात. 'सदर इसमाच्या राहत्या घराच्या ओसरीवर…' पालक शांत झाले. 'उग्र वासाचा, फेसाळ…' कोणीतरी तोंडावर रुमाल धरला. कुकर वाचला, तांब्याची नळी वाचली, वेटोळी वाचली.

"थांबा," मघाचे गृहस्थ म्हणाले. "हा इसम म्हंजे कोन?"

मी चष्मा काढून पुसला. समोर माझ्या ओळखीचे निदान सहा जण होते. दोघांना मी स्वतः व्यसनमुक्तीची शपथ दिली होती.

"हा इसम मी आहे," मी म्हणालो. "आसगाव व्यसनमुक्ती समितीचा अध्यक्ष. मोहफुले मी बिघडवली. गोळे यांनी केले. पुढे ऐका."

पुढचे ऐकताना चिंचेखाली जो हशा पिकला, त्यात मीही नंतर सामील झालो असे काहीजण सांगतात. मला तसे स्मरत नाही. हवालदारांच्या तिसऱ्या मुलाचा प्रसंग कागदात नव्हता, तो शकुनबाईंनी भरला. परिच्छेद संपेपर्यंत दोन-तीन मुले परातीपाशी पोचली होती आणि त्यांच्या आया त्यांना ओढून आणायला गेल्या त्या तेथेच राहिल्या. एक आई गोळा चावत म्हणाली, "गोड हाय वो. माह्या आईच्या घरी असेच होत."

"आता हात वर करा," जीवन सर म्हणाले. "खाऊन झाल्यावर नाई, आत्ता."

हर्षाने हात मोजले नाहीत. ती परातीकडे पाहत होती. मोजायचे काम तिने, मंगळवारपासून प्रथमच, माझ्याकडे सोपवले. मी दोनदा मोजले.

बाजूने एकेचाळीस, विरुद्ध दोन.